वाघूरची घळ

मंडळी, अजिंठ्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथं लेणी आहेत, लेण्यांत चित्रं आहेत, ती पाहायला साऱ्या जगातून माणसं येतात, हेही ऐकलं असेल. लेणी माणसांनी खोदली. पण लेणी ज्या दरीत आहेत, ती दरी कुणी खोदली?

ती खोदली एका नदीनं. ही नदी आपल्या ओळखीची आहे. भुसावळहून जळगावला जाताना साकेगावापाशी पूल लागतो. त्या पुलाखालून जाते ती वाघूर. अजिंठ्याला तिला वाघोरा म्हणतात. नाव जरासं वेगळं, नदी एकच. अजिंठ्याच्या डोंगरात ती उगवते, उत्तरेकडे वाहते आणि आपल्या तापीला मिळते. मोर, सुकी या आपल्या नद्या सातपुड्यातून दक्षिणेकडे तापीला येतात. वाघूर समोरून येते.

दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये अरुंद जागा आणि तळाशी नदी, अशा दरीला घळ म्हणतात. वाघूरची घळ यावलहून एका दिवसात पाहून येता येते. आम्ही पाहून आलो. त्या दिवसाची ही हकिकत आहे.

पोळा झाला होता. शेताची कामं जरा सैल झाली होती. आमच्या रात्रीच्या वर्गातली अकरा माणसं निघाली. त्यांत पाच बाया, चार बाप्ये आणि दोन पोरं. मी शिकवणारा, म्हणून पुढारपण माझ्याकडे आलं. सगळ्यांत वडील एक मावशी होत्या. साठी ओलांडल्यावर अक्षरं शिकल्या. त्यांच्या खालोखाल एक बाबा. बाबांचं शेत तापीच्या काठाला आहे. ते वर्गात फार बोलत नाहीत. या सहलीत मात्र तेच जास्त बोलले. ते का, ते पुढं येईल.

पहाटे भाकरी बांधून घेतल्या. कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि केळी. यावलहून घराबाहेर पडायचं आणि केळी घ्यायची नाहीत, असं होत नाही. पहिल्या एस.टी.नं भुसावळ गाठलं. वाटेत तापीचा पूल लागला. तापी भरून चालली होती. मावशींनी पुलावरून हात जोडले. भुसावळहून जळगावची गाडी धरली. साकेगावच्या पुलावर मी म्हणालो, "ही बघा वाघूर. हिचीच दरी बघायला चाललोय आपण." कुणी फार मान वळवली नाही. खाली गढूळ पाणी, काठाला बाभळी. त्यात बघायचं काय?

जळगावच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी गाडी पाहिजे. पाटीवरचं नाव मोठं, त्यात जोडाक्षर. तरी दोन बायांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि आम्हाला हाका मारल्या. पुरुष मंडळी तेव्हा चहा पीत होती. एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत २०२३ च्या मार्चपासून मिळू लागली. बारा वर्षांखालच्या पोरांनाही अर्धं तिकीट. त्यामुळे प्रवास झेपला.

जळगावहून फर्दापूर साठेक किलोमीटर भरेल. वाटेत पहूर लागतं, वाकोद लागतं. फर्दापूर आलं की समोर डोंगराची भिंत दिसते. लेण्यांच्या फाट्यावर उतरायचं. तिथून पुढं खाजगी गाड्या नेऊ देत नाहीत, कारण धुरानं चित्रं खराब होतात. एस.टी.च्याच वेगळ्या गाड्या आहेत. त्या चार किलोमीटर आत नेतात. रस्ता नदीच्या कडेनं जातो. जसजसं आत जावं तसतसे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात. वाटतं, पुढं रस्ता संपणार.

आणि खरोखरच संपतो. गाडी थांबते. तिथून पायऱ्या आहेत. चालवत नसेल त्याला डोली मिळते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मले काय झालं? डोलीत बसाले मी नवरी थोडीच हाये!" आणि सगळ्यांच्या पुढं चढल्या.

पायऱ्या संपल्या आणि वळण आलं, की सगळी घळ एकदम डोळ्यांपुढं येते.

काळ्या दगडाचा कडा. तो सरळ नाही. घोड्याच्या नालासारखा वाकलेला. उंची सुमारे अडीचशे फूट. त्या कड्याच्या पोटात ओळीनं लेणी, लहानमोठी मिळून तीस. खाली, वाकड्या कड्याच्या पायाला धरून, वाघूर वाहते. समोर हिरवा डोंगर. आणि नालाच्या एका टोकाला, जिथं घळ बंद होते, तिथं पाणी वरून उड्या मारत खाली येतं. एक उडी, मग कुंड. पुन्हा उडी, पुन्हा कुंड. अशी सात कुंडं आहेत म्हणून त्याला सप्तकुंड म्हणतात. पावसाळ्यात त्याचा आवाज लेण्यांत ऐकू येतो.

आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका बाईनं विचारलं, "गुरुजी, एवढीशी नदी. तिनं हा डोंगर कापला? मले तं हे खरं वाटत नही बाप्पा."

प्रश्न बरोबर होता. आम्ही तिथंच सावलीला बसलो आणि मी सांगू लागलो. तेच इथं सांगतो.

आधी हा दगड समजून घेऊ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तापलेला, वितळलेला दगड वर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसा तो पसरला. थंड झाला, त्याचा काळा दगड झाला. काही काळानं पुन्हा लाव्हा आला, आधीच्या थरावर पसरला. असं किती वेळा झालं! थरावर थर चढले. आपला जवळजवळ सगळा महाराष्ट्र या काळ्या दगडावर बसलेला आहे. घाटात रस्ता फोडलेला असतो तिथं हे थर दिसतात. मध्येच एखादा विटेसारखा लाल पट्टा दिसतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरच्या दगडाची माती झाली, नवा लाव्हा तिच्यावर आला, माती भाजून निघाली. तोच तो पट्टा.

हे सगळे थर सारखे नसतात. एखादा घट्ट, एखादा पोकळ, जाळीदार, हातानं खरवडला तर भुगा पडेल असा. शिवाय लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाच्या चिखलाला भेगा पडतात ना, तशाच. हे लक्षात ठेवा. नदी डोंगर फोडते ती याच कच्च्या जागा धरून.

आता पाणी. नुसतं स्वच्छ पाणी दगड फारसा कापत नाही. नदीचे दात म्हणजे तिच्यातली वाळू आणि गोटे. पूर आला की गोटे गडगडत येतात, तळाला घासतात, एकमेकांवर आपटतात. जात्यात दाणे भरडावेत तसं सगळं भरडलं जातं. कुठं भोवरा असला तर गोटा एकाच जागी गरागरा फिरतो आणि दगडात गोल खड्डा पाडतो. याला रांजणखळगे म्हणतात. नगरकडे कुकडी नदीवर निघोज गाव आहे. तिथं असे खळगे इतके मोठे झाले आहेत की त्यांत माणूस उभा मावेल.

मग धबधबा. तुमच्या घराच्या पागोळ्या अंगणात कशा पडतात ते आठवा. पागोळीखाली खड्डा पडतो. पाणी तर मऊ, पण रोज एकाच जागी पडतं. धबधब्याचंही तसंच. वरचा थर घट्ट असतो, तो टिकतो. खाली पडणारं पाणी पायथ्याचा कच्चा थर खातं. खालून पोकळ झालं की वरचा घट्ट थर लोंबकळत राहतो. एक दिवस भेगेत तुटून खाली कोसळतो. मग धबधबा हातभर मागं सरकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. असा तो मागं मागं सरकत डोंगरात शिरतो. जिथून तो मागं सरकला, तिथं घळ उरते. सप्तकुंडाचा धबधबा आज घळीच्या टोकाला दिसतो. पूर्वी तो पुष्कळ पुढं, घळीच्या तोंडाकडे असला पाहिजे.

"किती वर्षं लागली?" एका पोरानं विचारलं.

हजारांत मोजून भागत नाही. लाखांत मोजावं लागतं. लेण्यांतल्या भिक्खूंनी नदीवर पाण्याला उतरण्यासाठी लेण्यांपासून खाली पायऱ्या खोदल्या होत्या. त्यांच्या खुणा अजून कुठं कुठं दिसतात. दोन हजार वर्षं झाली, पण कडा होता तिथंच आहे. आपल्याला फार वाटतात ती दोन हजार वर्षं या नदीच्या हिशेबात चिल्लर आहेत.

एवढा वेळ बाबा गप्प होते. ते कड्याकडे आणि नदीकडे आळीपाळीनं बघत होते. मग म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वळणाचं नाही सांगितलं."

"कसलं वळण?"

"अहो, नदी इथं वळते बघा. वळताना पाणी बाहेरच्या काठावर जाऊन धडकतं. तोच काठ खाल्ला जातो. आतल्या काठाला पाणी मंद, तिथं गाळ बसतो. बाहेरून खायचं, आत टाकायचं. म्हणून तो कडा असा उभा आणि वाकडा. समोरचा डोंगर बघा, कसा उतरता आहे. माझ्या शेताचं हेच झालं."

बाबांचं शेत तापीच्या वळणावर, बाहेरच्या काठाला आहे. गेल्या पंधरा-सोळा पावसाळ्यांत त्यांची पाऊण एकर जमीन नदीत गेली. त्यात केळीची बाग होती. समोरच्या काठाला तेवढीच मळई चढली. ती दुसऱ्याच्या वाट्याला. बाबा इतकी वर्षं ते दैवाकडे लावत होते. त्या दिवशी कठड्याला टेकून ते म्हणाले, "म्हणजे नदीचा माझ्यावर राग नव्हता. तिची चालच तशी."

खरं सांगतो, घळ अशी का झाली हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांना ते शेतानं शिकवलं होतं. वळणाची गोष्ट मी विसरलो होतो, आणि नालासारख्या आकाराचं खरं कारण तर तेच.

मग बोलणं तिकडेच वळलं. काठ खाणारी नदी थांबवता येते का? डोंगर थांबवू शकला नाही, तिथं आपण काय थांबवणार! पण मातीचा काठ सावकाश खाल्ला जावा एवढं करता येतं. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. बांबू, करंज, निर्गुडी काठाला लावावी. काठाच्या कडेपर्यंत नांगर घालू नये, पट्टा सोडावा. आणि काठाच्या पायथ्याची वाळू कुणाला उचलू देऊ नये. पायथा गेला की वरची माती आपोआप बसते, धबधब्याच्या कड्यासारखीच. बाबा म्हणाले, "वाळूचे ट्रॅक्टर माझ्याच बांधावरून जायचे. वाट मीच दिली होती." पुढं ते काही बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

लेणी पाहिली. त्यांचं वर्णन करायला दुसरं पुस्तक लागेल. इथं थोडंच सांगतो. पहिली लेणी खोदली त्याला दोन हजार वर्षांहून जास्त झाली. मग मोठा खंड पडला. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळी पुन्हा काम जोरात सुरू झालं. त्याचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं करवलं, तसा शिलालेख तिथंच आहे. बुद्धाचे भिक्खू एरवी गावोगाव हिंडत. पावसाळ्यात मात्र त्यांनी एका जागी राहायचं असा नियम होता. त्यांना गावापासून जरा दूर, पण व्यापाराच्या वाटेजवळ, पाण्याशेजारची जागा पाहिजे होती. घळीनं ती दिली. उभा कडा आयताच तयार होता. त्यात आडवं शिरायचं, आधी छत, मग भिंती, मग जमीन, असं वरून खाली खोदत यायचं. मचाण बांधायला नको. भिंतींना मातीचा गिलावा दिला. त्यात भुसा आणि गवताचे तंतू कालवले. आपण कुडाच्या भिंतीला देतो त्याच जातीचा. त्यावर चित्रं काढली. म्हणून सांगतो, भिंतीला हात लावू नका. तो गिलावा मातीचा आहे आणि दीड हजार वर्षांचा आहे. बोटाचा घामही त्याला सोसत नाही.

पुढं भिक्खू गेले. रान माजलं. आसपासच्या लोकांना जागा ठाऊक होती, बाहेरच्या जगाला नव्हती. २८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला. समोरच्या डोंगरावरून त्याला झाडीत दगडी कमान दिसली. तो आत शिरला आणि दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपलं नाव कोरून गेला. ते अजून तिथं आहे. शोध लावणाऱ्यानंच पहिली नासधूस केली म्हणायची.

दुसरा एक इंग्रज आपल्या भागाशी जोडलेला आहे. त्याचं नाव रॉबर्ट गिल. तो १८४४ पासून इथं राहून चित्रांच्या नकला करत होता. त्याची बरीच चित्रं लंडनला पाठवली. १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि ती जळाली. त्यानं पुन्हा काम धरलं. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

दुपारी भाकरी खाल्ली. मग घडलं ते मला लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

नदी ओलांडून समोरच्या डोंगरावर जायला लहान पूल आहे. तिथून वर चढलं की सगळी घळ एका नजरेत दिसते. आम्ही पुलापाशी आलो. पात्रात मोठमोठे दगड, त्यांच्यामधून गुडघाभर स्वच्छ पाणी. पोरं म्हणाली, पाय बुडवून येतो. मी हो म्हणालो. दोन तरुणही त्यांच्याबरोबर खाली गेले. आमच्या डोक्यावर ऊन होतं. सप्तकुंडाच्या वरच्या बाजूला, पठारावर, आभाळ काळं दिसत होतं. मी ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

बाबा एकदम उठले आणि ओरडले, "वर या! आधी वर या!"

पोरांना वाटलं, बाबा रागावले. ती हसली. बाबा काठी टाकून पुलाच्या कडेनं खाली उतरले आणि धाकट्याचा हात धरून ओढत त्याला वर आणलं. बाकीचे मागोमाग आले. तोवर पाण्याचा रंग बदलला होता. आधी पाला आणि काटक्या आल्या. मग लाल-गढूळ पाणी. पोरं ज्या दगडावर बसली होती तो दगड पंधरा-वीस मिनिटांत दिसेनासा झाला. आमच्या अंगावर तोवर पावसाचा थेंबही पडला नव्हता.

बाबांनी काय पाहिलं होतं? त्यांनी सांगितलं ते असं. पाण्याचा आवाज जड झाला. काठाजवळच्या पाण्यावर वाळका पाला तरंगत आला. स्वच्छ पाणी दुधाळ दिसू लागलं. ही तिन्ही लक्षणं म्हणजे वर पाऊस झाला आणि पाणी निघालं.

घळीत पूर असाच येतो. मोकळ्या पात्रात पाणी पसरतं, म्हणून हळूहळू चढतं. घळीत पसरायला जागा नाही. डोंगरावर पडलेलं सगळं पाणी एका फटीतून यायचं, म्हणून ते भिंतीसारखं चढतं. आपल्या डोक्यावर ऊन आहे याला काही अर्थ नाही. पाऊस कुठं आहे ते नदीच्या वरच्या अंगाला बघायचं. आभाळ काळं दिसलं की पात्रात उतरायचंच नाही, आणि पावसाळ्यात तर एरवीही नको. दगडांवर शेवाळ असतं. २०२३ च्या जुलैमध्ये सप्तकुंडापाशी फोटो काढताना एका तरुणाचा तोल गेला आणि तो कुंडात पडला. पोहता येत होतं आणि पोलिसांनी दोर टाकून वर काढलं, म्हणून वाचला. कुंडाच्या काठापर्यंत जाऊ नका. कठड्याच्या आतूनही दिसायचं तेवढं दिसतं.

धाकट्या पोराची आई माझ्याशी परत येईपर्यंत बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

पाणी वाढल्यामुळे समोरच्या डोंगरावर जायचं आम्ही सोडून दिलं. लेण्यांच्या बाजूलाच आडोशाला बसून पूर बघितला. थोरल्या पोराकडे मोबाईल होता. त्यानं विचारलं, "गुरुजी, यापेक्षा मोठी घळ आहे का कुठं?" मी म्हणालो, आहे. त्यानं शोधून चित्र काढलं आणि ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं.

ती घळ चीन देशात युन्नान नावाच्या प्रांतात आहे. तिथं यांगत्से ही मोठी नदी वाहते. वरच्या भागात तिला चिन्शा म्हणतात, म्हणजे सोनेरी वाळूची नदी. बर्फानं झाकलेल्या दोन डोंगरांच्या मधून ती जाते. तळापासून शिखरापर्यंत मोजलं तर साडेतीन हजार मीटरांच्या वर भरतं. आपलं कळसूबाई शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी वर जागा उरेल. एवढी मोठी नदी एका जागी इतकी अरुंद होते की दोन्ही काठांत तीस मीटरही अंतर राहत नाही. मध्ये एक मोठा खडक आहे. तिथले लोक सांगतात, एका वाघामागं शिकारी लागला. वाघानं त्या खडकावर पाय टेकून पलीकडे उडी घेतली. म्हणून त्या घळीचं नाव, वाघाच्या उडीची घळ.

"तिथंही वाघच!" मावशी म्हणाल्या. वाघोरा, वाघूर. आपल्याही नदीच्या नावात वाघ आहे.

त्या घळीलाही लोक एका दिवसात जाऊन येतात. लिच्यांग नावाचं शहर आहे. तिथून सकाळी गाडीत बसायचं, घळीत पायऱ्या उतरायच्या, खडकावर आपटणारं पाणी बघायचं, पुन्हा पायऱ्या चढताना दम खायचा आणि संध्याकाळी परत. आमच्यासारखंच.

पण ती घळ झाली तिची तऱ्हा वेगळी. तिथं जमीनच वर येते आहे. हिमालय ज्या रेट्यानं उंच झाला, त्याच रेट्यानं तिथले डोंगर वर उचलले जातात. ते वर येतात, नदी खाली कापते. करवत जागेवर धरावी आणि लाकूड तिच्यावर रेटावं, तसं. आपल्याकडे धबधबा मागं सरकत गेला आणि नदी वळणावर काठ खात गेली. कारण वेगळं, पण दात दोन्हीकडे तेच, वाळू आणि गोटे.

चारच्या सुमाराला पाणी उतरू लागलं. आम्ही फाट्यावर आलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी जाऊ नका. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट पडत नाही. लेण्यांत चपला काढून जावं लागतं, काळा दगड उन्हात तापतो, म्हणून मोजे असले तर न्या. उन्हाळ्यात गेलात तर धबधबा आटलेला आणि दरी करपलेली दिसेल. मात्र तेव्हा दगडांचे थर, भेगा आणि रांजणखळगे नीट बघता येतात. हिरवं बघायचं असेल तर पाऊस ओसरताना, दसऱ्याच्या आसपास जावं. माकडं फार आहेत. आमची निम्मी केळी त्यांनीच खाल्ली.

परतीच्या गाडीत खिडकीशी मावशी बसल्या होत्या. वाटेत त्यांनी विचारलं, "आज आपण पाहिलं ते पाणी उद्या तापीत येईन?" मी सांगितलं, लगेच सगळं नाही येणार. जळगावच्या अलीकडे वाघूरवर मोठं धरण बांधलं आहे. पाणी तिथं अडतं. जळगाव शहराला पिण्याचं पाणी तिथून जातं. धरण भरलं की दारं उघडतात, मग पाणी पुढं साकेगावावरून तापीत जातं. मावशी म्हणाल्या, "मंग जळगाववाले घळीचं पानी पेतात म्हना."

जळगावला गाडी बदलेपर्यंत अंधार झाला. भुसावळच्या गाडीत बहुतेक मंडळी झोपली. धाकटं पोर बाबांच्या मांडीवर होतं. साकेगावच्या पुलापाशी पुढं ट्रक अडकला आणि आमची गाडी थांबली. दिव्याच्या उजेडात पुलाच्या तोंडाशी एक पाटी दिसत होती. मावशींनी पदरानं काच पुसली आणि बोट लावून मोठ्यानं वाचलं, "वा... घू... र."

मग त्यांनी मान बाहेर काढून खाली बघितलं. अंधारात पाणी दिसत नव्हतं. नुसता आवाज येत होता. बाबा जागेच होते. ते म्हणाले, "जड आवाज आहे. वर अजून पडतो आहे."